घरातील बंदूक आणि तिची राखण

घरात बंदूक असावी की नसावी, हा वाद आज मी हाती घेतलेला नाही. ज्यांच्या घरी ती रीतसर परवान्याने आलेली आहे, त्यांनी ती चोरापासून कशी राखावी, एवढाच माझा विषय आहे. हा मूठभर लोकांचा प्रश्न आहे असे आपल्यास वाटेल. परंतु चोरीस गेलेली बंदूक त्या मूठभरांत राहत नाही. सोने चोरीस गेले तर नुकसान ज्याचे त्याचे. ते वितळते आणि त्याची गोष्ट तेथेच संपते. बंदूक वितळविण्यासाठी कोणी चोरीत नाही. ती हातोहाती फिरते, आणि तिचा पुढचा धनी कोण व तिच्या नळीसमोर उभा राहणारा कोण, हे मूळ मालकास बहुधा कधीच कळत नाही.

उदाहरणादाखल ठाण्याचा घोडबंदर रस्ता घेऊ. घोड्यांच्या व्यापारावरून ज्याचे नाव पडले त्या बंदराकडे जाणारा हा रस्ता. एका अंगास येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगास खाडी, आणि मधल्या पट्ट्यात आता गगनचुंबी इमारतींची दाटी. अशा वस्तीत परवान्याचे शस्त्र कोणाकडे असावयाचे? एखाद्या जवाहिऱ्याकडे, बांधकामाच्या ठेकेदाराकडे, निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडे. किंवा ज्याच्या आजोबांनी कोकणात वानर-डुकरांपासून पीक राखण्याकरिता बंदूक घेतली होती, अशा नातवाकडे. आणखी एक वर्ग आपण विसरतो. स्वतःच्या परवान्याची बंदूक घेऊन नोकरीस आलेला पहारेकरी दिवसा पेढीच्या दारात उभा असतो. रात्री मात्र तो चार सोबत्यांच्या भाड्याच्या खोलीत निजतो आणि बंदूक खाटेखाली जाते. त्याच्या बंदुकीवर आपली तिजोरी सोपविणाऱ्या धन्याने त्या बंदुकीला एक कुलपाची पेटी देऊ नये, हे मला तरी अजब वाटते.

मोठ्या इमारतींतील मंडळींचा भरवसा फाटकावरील पहाऱ्यावर आणि कॅमेऱ्यांवर असतो. पण फाटक परक्याला अडविते, ओळखीच्या माणसाला नाही. आणि घरात बंदूक आहे ही गोष्ट ओळखीच्याच माणसाला ठाऊक असते. सुतार, रंगारी, मोटारचालक, मुलांचे मित्र यांपैकी कोणावरही संशय घेण्याचे कारण नाही. परंतु कळलेली गोष्ट बोलली जाते. दिवाणखान्यात बंदूक टांगण्याची हौस आणि लग्नात पिस्तूल मिरविण्याची त्याहून वाईट हौस, या दोन्ही म्हणजे चोराला धाडलेली निमंत्रणपत्रेच होत.

आता ठेवावी कोठे? निजण्याच्या खोलीतील पोलादी कपाट हे आपले पारंपरिक उत्तर. चोरही प्रथम तेच उघडतो, आणि त्याची किल्ली बहुतेक घरांत साड्यांच्या घडीखाली किंवा देवघराच्या खणात मिळते. तेव्हा शस्त्रासाठी निराळी, जाड पत्र्याची, लहानशी तिजोरी हवी आणि ती भिंतीस आतून बोल्टांनी जखडलेली हवी; सुटी पेटी चोर सबंध उचलून नेतो व सवडीने फोडतो. येथे भिंत पाहणे अगत्याचे आहे. नव्या इमारतींत पुष्कळदा खोल्यांमधील भिंती हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांच्या असतात. त्यांतील बोल्ट पहारेच्या एका हिसक्याने निघून येतो. काँक्रीटची भिंत किंवा खांब शोधून तेथेच ती बसवावी. किल्ली परवानाधारकापाशीच असावी. तिजोरी अंकांच्या कुलपाची असेल, तर तो अंक जन्मतारखेचा नसावा.

दुसरी गोष्ट म्हणजे बंदूक व काडतुसे कधीही एकत्र ठेवू नयेत. तिचे मोल इतिहासाने एकदा फार कडू रीतीने दाखविले आहे. १८ एप्रिल १९३० च्या रात्री सूर्य सेन आणि त्यांचे तरुण सहकारी यांनी चितगावची शस्त्रागारे काबीज केली. रायफली हाती आल्या. परंतु त्यांचा दारूगोळा दुसरीकडे होता आणि तो सापडला नाही. त्या शूर मंडळींची बाजू स्वातंत्र्याची होती, म्हणून त्यांच्या निराशेने आजही आपल्यास हळहळ वाटते. पण शस्त्र राखणाराच्या दृष्टीने पाहिले, तर निराळ्या खोलीतील एका कुलपाने केवढे काम केले! दुनळी बंदुकीची तर नळी, दस्ता आणि नळीखालचा लाकडी तुकडा सुटे होतात; हा तुकडा वेगळ्या कुलपात ठेवला, तर चोराच्या हाती अपुरी वस्तू लागते. चापाला लावण्याचे कुलूप मुलाबाळांपासून रक्षण करते, ते जरूर लावावे. चोरीस मात्र त्याने आळा बसत नाही.

जपानात बंदूक व काडतुसे निरनिराळ्या कुलपांत ठेवावी लागतात आणि पोलीस ती तपासतात. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्रनियमांनी अर्जदाराकडून सुरक्षित ठेवणीचे हमीपत्र मागितले आहे. हमीपत्र हा कागद आहे. नूतनीकरणापूर्वी कोणीतरी ती भिंत प्रत्यक्ष पाहावी, असे माझे मत आहे.

गणपतीस दहा दिवस गावी जाणारे घर बंद राहते. अशा वेळी, विशेषतः प्रवास लांबचा असेल तर, परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे बंदूक ठेवावी व पावती घ्यावी. आणि सर्वांत दुर्लक्षित बंदूक कोणती, तर मालकाच्या पश्चात माळ्यावर पडलेली. परवाना व्यक्तीचा असतो, कुटुंबाचा नव्हे. शोकाच्या दिवसांत ही गोष्ट कोणास सुचत नाही, आणि पुढे ‘वडिलांची आठवण’ म्हणून ती वर्षानुवर्षे गोधड्यांत गुंडाळलेली राहते. ना परवाना, ना कुलूप. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करून मग वारसाने अर्ज करावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्यतः एका व्यक्तीस दोनच बंदुका बाळगता येतात, व त्यांत वारशाने आलेलीही मोजली जाते.

इतके करूनही चोरी झाली, तर अब्रूच्या भयाने दोन दिवस घरातच शोधाशोध करीत बसू नये. खबर तत्काळ नजीकच्या पोलीस ठाण्यात द्यावी. बंदुकीवरील क्रमांक, परवान्याचा क्रमांक व छायाचित्र यांची एक प्रत तिजोरीबाहेर, शक्य तर दुसऱ्या घरी असावी; तिजोरीच गेली तर आतील कागदांचा काय उपयोग? घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांनी एवढे आणखी ध्यानात ठेवावे, की हा रस्ता सबंध एका पोलीस आयुक्तालयात नाही. ठाण्याकडील भाग ठाणे आयुक्तालयाचा, आणि गायमुखाच्या घाटापलीकडचा भाग २०२० साली स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाचा. आपले घर कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते, ते आजच विचारून त्याचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा.