गाडीही अमानतच!

आम्ही कापडवाले प्रोसेसला तागे धाडताना मीटर मोजतो, चलन घेतो. गाडी गॅरेजला देताना मात्र नुसती चावी देतो! मागे आमची व्हॅन तीन दिवसांनी परत आली, तर काटा ९० किलोमीटर पुढे. जाब विचारायला हाती कागदच नव्हता.

१८७२ च्या करार कायद्याप्रमाणे गॅरेजवाल्याने गाडी स्वतःच्या वस्तूसारखी सांभाळली पाहिजे (कलम १५१). ठरल्याबाहेर वापरून नुकसान झाले, तर भरपाई त्याच्यावर (कलम १५४). मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क मात्र त्यालाही आहे (कलम १७०).

म्हणून व्यापारी बंधूंनो, किलोमीटर, पेट्रोल, अंदाजे खर्च जॉबकार्डावर लिहून घ्या; बदललेले जुने पार्ट मागा. लिहून घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. हिशेब साफ, तर संबंध साफ.