घरी विमान बांधता येते काय?

आकाशात विमानाचा आवाज आला की आजही खेड्यातील मुले अंगणात धाव घेतात. हे यंत्र केवळ मोठ्या कारखान्यातच तयार होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. अमेरिका व युरोपातील अनेक हौशी मंडळी घराच्या आवारात लहान विमाने बांधतात. महाराष्ट्रातही असा एक प्रयोग यशस्वी झाला आहे.

सुट्या भागांचा संच

परदेशात अशा विमानांचे सुटे भाग संचरूपाने विकत मिळतात. कापून व भोके पाडून तयार केलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, रिव्हेट, चाके आणि तपशीलवार आराखडे त्यात असतात. इंजिन, प्रोपेलर व उपकरणे बहुधा वेगळी घ्यावी लागतात. फावल्या वेळात काम करणाऱ्यास एक विमान पुरे करण्यास साधारणतः दीड ते तीन हजार तास लागतात. अमेरिकेतील नियमानुसार बांधणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी व्यक्तींनी शिक्षणासाठी अथवा मनोरंजनासाठी स्वतः केलेले असावे लागते. अशा विमानातून भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत.

गच्चीवरील विमान

मुंबईचे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी याहून कठीण मार्ग पत्करला. तयार संच न घेता त्यांनी कांदिवलीच्या चारकोप भागातील राहत्या इमारतीच्या गच्चीवर स्वतःच्या आराखड्यानुसार सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतील 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते जनतेसमोर आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाची अनुमती मिळाली आणि २०२० मध्ये धुळे येथील धावपट्टीवरून त्याने चाचणी उड्डाण केले. प्रदर्शनापासून उड्डाणापर्यंत चार वर्षांहून अधिक काळ लोटला.

तपासणी कशासाठी?

हा विलंब कोणासही जाचक वाटेल. परंतु तपासणीमागे शास्त्रीय कारणे आहेत. विमानाचा गुरुत्वमध्य ठरलेल्या मर्यादेच्या मागे सरकला, तर नाक वर उचलले जाते व ते खाली आणणे वैमानिकास अशक्य होऊ शकते. वेगाने फिरणाऱ्या पात्यातील बारीकशी चीरही कंपनाने वाढत जाऊन पाते तुटते. रस्त्यावर मोटार बंद पडली तर ती कडेला लावता येते. आकाशात ती सोय नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथे ऑगस्ट २०२१ मध्ये याचा दुःखद प्रत्यय आला. स्वतः बनविलेल्या हेलिकॉप्टरची जमिनीवर चाचणी घेत असता पाते तुटून एका होतकरू तरुण कारागिरास प्राणास मुकावे लागले. त्याची जिद्द वाखाणण्याजोगी होती. उणीव होती ती योग्य मार्गदर्शनाची.

कसबाला शास्त्राची जोड

दिनांक १ जानेवारी २०२५ पासून देशात भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ अंमलात आला आहे. विमानाची नोंदणी व उड्डाणाची अनुमती यांचे अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आहेत. यंत्र उडविण्यापूर्वीच नव्हे, तर बांधणीस हात घालण्यापूर्वीच नियमांची माहिती करून घेणे श्रेयस्कर होय.

सुरतजवळील उधना, पांडेसरा, भेस्तान या भागांत खानदेशातून गेलेली अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. तेथे काय किंवा आपल्या तालुक्याच्या गावी काय, यंत्रमाग, लेथ व वेल्डिंगच्या कामात तरबेज झालेल्या तरुणांची वाण नाही. अशा हातांना शास्त्राची जोड मिळाली पाहिजे. शिक्षकांनी शाळेत हलक्या लाकडाच्या प्रतिकृतींपासून आरंभ करावा. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत या छंदाचे रीतसर शिक्षण मिळते. गावातील एखादा तरुण उडते यंत्र बनवीत असल्याचे कळल्यास ग्रामस्थांनी व अधिकाऱ्यांनी केवळ त्याचा सत्कार करून थांबू नये. त्याची जाणकार अभियंत्याशी गाठ घालून द्यावी आणि तपासणीवाचून यंत्र सुरू करण्यापासून त्यास परावृत्त करावे. हार घालण्यापूर्वी एवढी काळजी घेतली, तर एक कर्तबगार जीव वाचेल आणि त्याचे स्वप्नही.