आभासी वास्तव हेडसेट : घरगुती खेळांसाठी निवड

आभासी वास्तव हेडसेट (व्हीआर हेडसेट) हे डोक्यावर बांधून डोळ्यांसमोर धरावयाचे दृक्‌श्राव्य उपकरण होय. त्यातील भिंगांमधून प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळे चित्र दिसते व त्यातून खोलीचा भास निर्माण होतो. डोके वळताच चित्रही त्यानुसार बदलते. घरगुती वापरात हे उपकरण प्रामुख्याने संगणकीय खेळांसाठी घेतले जाते. मर्यादित खर्चात हेडसेट निवडताना छापील किंमत हा बहुधा सर्वांत फसवा आकडा ठरतो. तो चालवण्यासाठी आणखी काय विकत घ्यावे लागेल आणि निर्माता त्याला किती वर्षे सांभाळेल, यांवर खरा खर्च अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

पामर लकी यांच्या ऑक्युलस कंपनीने २०१२ मध्ये किकस्टार्टरवरून लोकनिधी उभारला आणि २०१४ मध्ये फेसबुकने (आताची मेटा) ती विकत घेतली. मार्च २०१६ मध्ये ऑक्युलस रिफ्ट ५९९ डॉलरना, तर एप्रिलमध्ये एचटीसी वाइव्ह ७९९ डॉलरना बाजारात आला. रिफ्ट स्वस्त वाटला, तरी हातात धरावयाचे त्याचे टच नियंत्रक डिसेंबरमध्ये वेगळे, १९९ डॉलरना आले. म्हणजे दोहोंतील फरक जवळजवळ नाहीसाच झाला. शिवाय दोन्हींना शक्तिशाली संगणक लागत असे. २०१९ मधील ऑक्युलस क्वेस्टने ही अट काढून टाकली. प्रक्रियक, बॅटरी आणि कॅमेरे हेडसेटमध्येच असलेल्या या स्वयंपूर्ण उपकरणाची किंमत ३९९ डॉलर होती. पुढे क्वेस्ट २ (२०२०) २९९ डॉलरना आणि क्वेस्ट ३एस (२०२४) २९९.९९ डॉलरना उपलब्ध झाले.

हालचालींचा मागोवा

स्वस्त उपकरणांतील मुख्य भेद येथे आहे. काही हेडसेटना डोक्याचे केवळ वळणे कळते : मान डावी-उजवीकडे फिरवणे, वर-खाली करणे आणि खांद्याकडे कलवणे. इतर हेडसेटना याखेरीज शरीराचे पुढे-मागे, बाजूला व वर-खाली सरकणेही कळते. भिंगांच्या चौकटीत मोबाइल फोन बसवून वापरायचे संच पहिल्या प्रकारात मोडतात. २०१४ मधील गूगल कार्डबोर्ड आणि भारतात २०२३ मध्ये १,२९९ रुपयांना आलेला जिओडाइव्ह ही त्यांची उदाहरणे होत. क्रिकेटचा सामना किंवा चित्रफीत चहूबाजूंनी पाहण्यास ते पुरेसे आहेत. मात्र बीट सेबरसारखा खेळ, ज्यात संगीताच्या तालावर समोरून येणारे ठोकळे कापायचे आणि भिंती चुकवायच्या असतात, त्यांवर खेळता येत नाही. खेळण्याच्या हेतूने असा संच घेणे म्हणजे काटकसर नव्हे. तो खर्च वायाच जातो.

एकूण खर्च

सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर २ (२०२३) स्वतंत्रपणे चालत नाही. त्याला प्लेस्टेशन ५ लागतो. ज्याच्या घरी तो आधीच आहे त्याच्यासाठी हिशेब वेगळा आणि ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी वेगळा. संगणकाला जोडण्यासाठीचा त्याचा अनुकूलक २०२४ मध्ये ५९.९९ डॉलरना आला, पण त्यासाठीही संगणकात चांगले ग्राफिक्स कार्ड हवेच. क्वेस्टसारखे स्वयंपूर्ण संच या तुलनेत सुटसुटीत ठरतात. मात्र एका भारणीत ते साधारण दोन ते तीन तासच चालतात आणि खेळ स्वतंत्रपणे विकत घ्यावे लागतात. परदेशातून मागवलेल्या संचाच्या किमतीत सीमाशुल्काची भर पडते. शिवाय तो बिघडल्यास हमी आपल्या देशात लागू होते का, हे खरेदीपूर्वीच पाहावे लागते.

आधाराचा कालावधी

हेडसेट मोडल्याशिवायही निरुपयोगी होऊ शकतो. विंडोज मिक्स्ड रिॲलिटी हे याचे ठळक उदाहरण. २०१७ पासून एसर, डेल, एचपी, लेनोवो, सॅमसंग आदी कंपन्यांनी मायक्रोसॉफ्टच्या या प्रणालीवर चालणारे, तुलनेने स्वस्त हेडसेट विकले. डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही प्रणाली बंद करण्याचे जाहीर केले आणि विंडोज ११ च्या २०२४ मधील २४एच२ आवृत्तीतून ती वगळली. संगणक अद्ययावत करणाऱ्यांच्या हाती भिंगे, पडदे, नियंत्रक सारे शाबूत असलेले पण न चालणारे उपकरण उरले. २०२५ मध्ये एका स्वतंत्र ड्रायव्हरमुळे यांतील काही संच पुन्हा वापरता येऊ लागले, तरी ही सोय एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांपुरती होती. २०१९ च्या मूळ क्वेस्टलाही २०२३ पासून नव्या सुविधा मिळणे थांबले. जुन्या बाजारात असे संच अतिशय स्वस्त मिळतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.

वापरलेला संच घेताना भिंगे उजेडात धरून तपासावीत. सूर्यप्रकाश थेट भिंगांवर पडल्यास तो आतील पडद्यावर एकवटतो आणि पडदा कायमचा डागाळतो. उन्हाच्या खिडकीत काही वेळ राहिलेला संचही यातून सुटत नाही. तसेच आधीच्या मालकाने आपले खाते त्यातून काढले आहे, याची खातरजमा करावी.

शरीर आणि जागा

दोन्ही बाहुल्यांमधील अंतर प्रौढांत सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते. क्वेस्ट २ व क्वेस्ट ३एस मध्ये भिंगे ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच ठिकाणी बसतात, तर महाग क्वेस्ट ३ मध्ये हे अंतर चाकाने हवे तसे जुळवता येते. ज्यांचे माप या तिन्हींत नीट बसत नाही, त्यांना चित्र धूसर दिसू शकते व डोळे शिणतात. चष्मा वापरणाऱ्यांनी संच आधी चढवून पाहणे इष्ट.

डोळ्यांना गती दिसते, पण अंतर्कर्णाला ती जाणवत नाही; या विसंगतीतून अनेकांना मळमळ होते. जागेवर उभे राहून खेळण्याच्या खेळांत हा त्रास कमी, तर कळ ढकलून चालण्याच्या किंवा धावण्याच्या खेळांत अधिक होतो. मुलांबाबत मेटाने पालकांच्या देखरेखीखाली किमान १० वर्षे, तर सोनीने १२ वर्षे अशी मर्यादा सांगितली आहे.

खोलीत फिरून खेळण्यासाठी साधारण २ मीटर लांब व २ मीटर रुंद मोकळी जागा लागते. हेडसेट जमिनीवरील सीमारेषा दाखवतो. डोक्यावरच्या पंख्याची सूचना मात्र देत नाही. बुटक्या छताच्या खोलीत हात उंचावताना पाती लागू शकतात, म्हणून पंखा बंद ठेवावा अथवा बसून खेळण्याचे खेळ निवडावेत.