५३-एन क्रमांकाची बाटली

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांनी प्लेगची लस टोचून घेतली. लस आली होती मुंबईहून, परळच्या प्रयोगशाळेतून. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या गेल्या. काही दिवसांत १९ जणांचे जबडे आवळले, अंगाला झटके येऊ लागले. धनुर्वात! १९ पैकी एकही वाचला नाही. बाकीच्या ८८ जणांना मात्र काहीच झालं नाही. गेलेल्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. बाटलीचा क्रमांक ५३-एन.

संशयाची सुई लगेच वळली ती ही लस शोधणाऱ्या माणसाकडे. वाल्डेमार हाफकिन, ओडेसात जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला, शहर रिकामं होऊ लागलं आणि सरकारने कोलकात्यात पटकीच्या लशीवर काम करणाऱ्या हाफकिनला बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला मिळाली एक खोली आणि लगतचा व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई.

त्या खोलीत त्याने काय केलं, ते जवळून बघण्यासारखं आहे. प्लेगचे जंतू वाढवायला त्याने मांसरस घेतला आणि त्यावर तुपाचे थेंब सोडले. थेंब वर तरंगत राहायचे आणि त्यांच्या खालच्या अंगाला जंतू धरायचे. पाहता पाहता पांढुरके झुबके रसात लोंबू लागायचे. बाटली हलवली की ते गळून तळाशी बसायचे आणि थेंबांना नवे झुबके फुटायचे. असं पुन्हा पुन्हा करत भरघोस पीक आलं की बाटली तापवून जंतू मारायचे. ही मेलेल्या जंतूंची लस. १० जानेवारी १८९७ ला हाफकिनने त्यातले १० घनसेंटिमीटर स्वतःच्या अंगात टोचून घेतले. पुढे लोकांना दिलेल्या मात्रेच्या कितीतरी पट! ताप चढला, उतरला, आणि तो कामाला लागला.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना विचारलं गेलं. जवळपास निम्म्यांनी लस घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. अन्न तेच, कोठड्या त्याच. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, ६ दगावले. लस घेतलेल्यांत दोघांना लागण झाली, मृत्यू एकही नाही. माझ्या मते हाफकिनचा खरा मोठेपणा इथे आहे. लस तयार करून तो थांबला नाही. टोचलेले आणि न टोचलेले शेजारी शेजारी ठेवून त्याने माणसं मोजली.

मलकोवालच्या चौकशीत नेमकी हीच शिस्त बाजूला पडली. आयोग नेमला गेला. आयोगाचं बोट प्रयोगशाळेकडे गेलं, आणि त्याला एक कारणही होतं. मागणी वाढल्यावर हाफकिनने लस बनवण्याची रीत बदलली होती. जंतू मारल्यानंतर त्यात कार्बोलिक आम्ल घालण्याऐवजी तो केवळ उष्णतेवर विसंबू लागला होता. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतही तशी पद्धत होतीच. तरी शेरा पडला, की बाटली मुंबईतच दूषित झाली. हाफकिन निलंबित झाला आणि आपली बाजू मांडायला युरोपात गेला.

आता बाटलीचंच ऐका. ती भरल्याला कित्येक आठवडे लोटले होते. मलकोवालला ती उघडणाऱ्या डॉक्टरने वास घेऊन पाहिला होता. घाण वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत इतके दिवस वाढले असते, तर झाकण निघताच दुर्गंधी सुटली असती. शिवाय इतकं विष साचलेलं असतं तर माणसं लगोलग आजारी पडली असती, मधे काही दिवस सुखरूप गेले नसते. म्हणजे जंतू शिरले ते बाटली उघडताना. आणि चौकशीच्या कागदांतच ती साक्ष पडून होती: बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता खळबळून घेतला आणि त्याच चिमट्याने बूच काढलं. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात. ते इतके चिवट, की असल्या ओझरत्या धुण्याने मरत नाहीत. चिमटा ज्योतीवर धरला असता तर १९ माणसं वाचली असती.

ही साक्ष लोकांसमोर यायलाही वर्षं गेली. ती वाचून रोनाल्ड रॉस खवळला. मलेरिया डासामुळे पसरतो हे याच देशात सिद्ध करणारा, नोबेल मिळवलेला रॉस. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्याच्यासह दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र छापून आलं. प्रयोगशाळेवरचा आरोप सिद्ध तर झालेला नाहीच, उलट पुरावा त्या आरोपाच्याच विरुद्ध जातो, असं त्यांनी स्पष्ट मांडलं. प्रश्न ब्रिटिश संसदेत गेला आणि वर्ष सरता सरता हाफकिन दोषमुक्त झाला.

पण परळच्या प्रयोगशाळेतली आपली खुर्ची हाफकिनला परत मिळाली नाही. तो कोलकात्याला गेला, पुढे निवृत्त झाला आणि भारत सोडून निघून गेला. लस मात्र मुंबईहून जातच राहिली, लाखोंच्या संख्येने. १९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेला हाफकिनचं नाव दिलं गेलं. तेव्हा तो हयात होता, युरोपात. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानला त्याचा मृत्यू झाला.