कॉफीची पुडी किती दिवसांची?

मराठी घरात चहाचा डबा महिन्या-पंधरवड्याला भरावा लागतो. कॉफीची बरणी मात्र 'आहे की घरात' या सदरात मोडते. पाहुण्यांपैकी कुणी चहा सोडलेला निघाला, परीक्षेच्या दिवसांत पोरं रात्री जागायला बसली, नाहीतर एखाद्या संध्याकाळी जायफळ घातलेल्या दुधाळ कॉफीची लहर आली, की ती फडताळातून खाली येते. झाकण उघडतं, चमचा तळाशी खरवडतो, वास येतो न येतो. मग जायफळ जरा सढळ हाताने किसलं जातं आणि वेळ निभावून नेली जाते.

हे वर्षानुवर्षं चाललं, कारण बरणीतली कॉफी बहुधा इन्स्टंट होती आणि तिच्याकडून कुणाची फार अपेक्षाही नव्हती. आता पुण्या-मुंबईतच नव्हे, नाशिक-कोल्हापुरातही चिकमगळूर, कूर्ग, अराकूच्या बियांची पाकिटं घरी येऊ लागली आहेत. पाव किलोला पाचशे रुपये किंवा त्याहूनही जास्त मोजल्यावर 'ही ठेवायची कशात?' हा प्रश्न आपोआप येतो. बाजाराने त्यावर उत्तरंही तयार ठेवली आहेत: हवा खेचून घेणारे डबे, काळ्या काचेच्या बरण्या, मातीची सुबक भांडी. त्यांतली काही कामाचीही आहेत. पण कॉफी ताजी राहणार की नाही, हे डब्यापेक्षा ती किती घेतली यावर जास्त ठरतं.

कॉफीची कच्ची, हिरवट बी तशी चिवट असते. कोरड्या, थंड जागी ती सहा महिने ते वर्षभर बऱ्यापैकी टिकते. नाजूकपणा येतो तो भाजल्यावर. दोनशे अंशांच्या वर तापल्यावर बी फुगते, आतून सच्छिद्र होते आणि तिच्यात शेकडो नवे सुगंधी रेणू तयार होतात. आजवर आठशेहून अधिक ओळखले गेले आहेत. सोबत भरपूर कार्बन डायऑक्साइडही तयार होतो, बीच्या वजनाच्या साधारण एक ते दोन टक्के. तो बीच्या पोकळ्यांत कोंडलेला असतो आणि पुढचे काही दिवस, काही आठवडे हळूहळू बाहेर पडत राहतो. जोवर तो बाहेर पडतो आहे, तोवर बाहेरच्या प्राणवायूला आत शिरायला जागा कमी मिळते. त्याचा जोर ओसरला की प्राणवायूचं राज्य सुरू होतं. भाजलेल्या कॉफीचा म्हणून जो वास ओळखू येतो, त्यात गंधकयुक्त रेणूंचा वाटा मोठा असतो आणि नेमके तेच लवकर उडतात किंवा बिघडतात. त्यानंतर पाळी तेलाची. अरेबिका बीत पंधरा टक्क्यांच्या आसपास तेल असतं, रोबस्टात त्याहून कमी. हे तेल खवट झालं की दूध-साखरेनेही ते झाकलं जात नाही.

पाकीट ताजं आहे का, हे घरच्या घरी कळतं. मूठभर बिया झिपच्या पिशवीत घालायच्या, हवा दाबून काढायची आणि पिशवी रात्रभर ओट्यावर ठेवायची. सकाळी ती फुगलेली दिसली तर आत वायू शिल्लक आहे. पूड असेल तर तिच्यावर गरम पाणी ओतून पाहावं. ताजी पूड फसफसते, फुगून वर येते, मधोमध घुमटासारखी उचलली जाते. शिळी पूड चिखलासारखी तळाशी बसून राहते. गंमत म्हणजे फार ताजी कॉफीही अडचणीचीच असते. भाजून एकच दिवस झालेल्या बीतला वायू इतक्या जोराने बाहेर येतो की पाणी पुडीत नीट मुरत नाही. म्हणून जाणकार भाजल्यानंतर चार-पाच दिवस थांबतात, एस्प्रेसोसाठी आणखी काही दिवस.

या वायूने आणि प्राणवायूने व्यापाऱ्यांना शंभरेक वर्षं झुंजवलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतली बरीचशी घरं कच्ची बी आणून तव्यावर भाजून घेत. भाजलेली कॉफी आयती विकायची तर ती दुकानात पोचेपर्यंत शिळी व्हायची. पिट्सबर्गच्या जॉन आरबकल यांनी 1868 मध्ये यावरच्या उपायाचं पेटंट घेतलं. भाजलेल्या बियांवर अंड्याचा आणि साखरेचा पातळ थर चढवायचा, म्हणजे हवा लागणार नाही! ऐकायला विचित्र वाटतं, पण कागदी पुडक्यांतली त्यांची कॉफी पश्चिमेकडच्या गुराख्यांपर्यंत पोचली. 1900 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हिल्स ब्रदर्सनी हवा काढून घेतलेल्या डब्यांतून कॉफी विकायला सुरुवात केली. त्यातही एक मेख होती. ताजी कॉफी लगेच डब्यात कोंबली तर आतल्या वायूने डबाच फुगायचा, म्हणून ती आधी काही काळ उघडी ठेवावी लागे. म्हणजे शिळी होऊ नये म्हणून थोडी शिळी करून घ्यायची.

हा तिढा सुटला तो इटलीतल्या गोल्यो कंपनीने 1960 च्या दशकात बनवलेल्या एका लहानशा झडपेमुळे. आजच्या पाकिटांवर वरच्या बाजूला बटणासारखं जे गोल छिद्र दिसतं, तीच ही झडप. आतला वायू बाहेर जाऊ द्यायचा, बाहेरची हवा आत येऊ द्यायची नाही, एवढंच तिचं काम. दुकानात पाकीट दाबून तिच्यातून वास घेणाऱ्यांना तो आनंद वरकड मिळतो.

पाकीट कापलं की मात्र झडपेचा उपयोग संपला. इथून पुढचं सगळं घरच्यांच्या हातात. त्यात पहिला निर्णय बी की पूड हा. खडा गरम मसाला वर्षभर वास धरून राहतो आणि कुटलेला महिन्या-दोन महिन्यांत उतरतो, हे प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. कॉफीचंही तसंच, फक्त तिचं घड्याळ फार वेगाने पळतं. अख्खी बी भाजल्यापासून तीन-चार आठवडे चांगली लागते. दळली की कोंडलेला बराचसा वायू काही मिनिटांत निसटतो आणि पूड आठवड्याभरात उतरणीला लागते. आधी मंदावते, मग पुठ्ठ्यासारखी लागू लागते. हाताने फिरवायची छोटी चक्की घेणं हा भारी डबा घेण्यापेक्षा पैशांचा चांगला विनियोग आहे.

प्राणवायूनंतरचा दुसरा शत्रू ओलावा. महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर तोच पहिला मानायला हवा. युरोपा-अमेरिकेतल्या पुस्तकांत 'कोरड्या, थंड कपाटात ठेवा' असं सहज लिहिलेलं असतं. जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत कोरडं कपाट आणायचं कुठून? हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर आणि मीठसुद्धा बरणीत पाझरतंय. भाजलेल्या बीत दोन-तीन टक्केच पाणी असतं. ती कोरडीठाक आणि सच्छिद्र असल्यामुळे दमट हवेतलं पाणी अधाशासारखं ओढून घेते. पूड तर त्याहून जास्त.

गंमत अशी, की याच पावसाळी वाऱ्याने कॉफीचा एक नामवंत प्रकार जन्माला घातला आहे. सुएझ कालवा 1869 मध्ये खुला होण्याआधी मलबार किनाऱ्यावरून निघालेली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायला कित्येक महिने लागत. शिडाच्या जहाजांच्या दमट पोटात हिरवी बी फुगायची, फिकट पिवळी पडायची आणि तिची आंबट धार जायची. पुढे प्रवास आटोपशीर झाला, बी हिरवीच पोचू लागली, तर गिऱ्हाइकांना ती जुनी चव हवीहवीशी वाटू लागली. म्हणून मंगळूरच्या परिसरात मोकळ्या बाजूंच्या गोदामांत बिया जमिनीवर पसरून त्यांना जून ते सप्टेंबर मुद्दाम मोसमी वारा खाऊ घालायला सुरुवात झाली. बिया अधूनमधून दाताळ्याने खालीवर करायच्या, मग गोणपाटात सैल भरून गोणी अशा रचायच्या की मधून वारा खेळेल. हीच 'मॉन्सून्ड मलबार', आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. हे लाड अर्थात कच्च्या बीचे. भाजलेल्या कॉफीला तोच वारा चार दिवसांत संपवतो.

मग फ्रिज? बहुतेक घरांतला हा ठरलेला उपाय, आणि बहुतेक वेळा चुकीचा. दरवाजा दिवसातून वीस-पंचवीस वेळा उघडतो. बाहेर काढलेल्या थंड डब्यावर दव धरतं, झाकण उघडलं की तेच दव आत. शिवाय भाजलेली कॉफी वास शोषून घेण्यात पटाईत. लसणीची चटणी, चिरलेला कांदा आणि रविवारच्या सुकटीचा डबा ज्या फ्रिजमध्ये आहेत, तिथे अर्धवट मिटलेली पुडी आठवडाभर ठेवली तर काय होईल, हे सांगायला नको.

फ्रीझरची गोष्ट वेगळी. तिथे बिघाड खरोखर मंदावतो, पण शिस्त पाळायला हवी. कॉफी आठवड्या-आठवड्याच्या लहान पुड्यांत विभागायची, हवा दाबून काढून पक्की बंद करायची आणि बर्फाच्या ट्रेमागे सारून द्यायची. लागेल तेव्हा एकच पुडी बाहेर काढायची आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. रात्री काढली तर सकाळी उघडावी. उघडलेली पुडी परत आत जाणार नाही. 2016 मध्ये रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन आणि बाथ शहरातले कॉफीतज्ज्ञ मॅक्सवेल कोलोना-डॅशवूड यांनी इतर सहकाऱ्यांसह 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात थंडगार बिया दळल्यावर कण जास्त बारीक आणि एकसारखे पडतात असं दिसलं. तेव्हापासून काही कॅफेवाले एकेका कपाच्या बिया गोठवून थेट चक्कीत घालतात. घरी एवढ्या खटाटोपाची गरज नाही. पावसाळ्यात तर गोठलेली बी चक्कीपर्यंत जाता जाताच ओलसर होते.

रोजच्या वापराची कॉफी बाहेरच ठेवावी, आणि त्यासाठी घरात जे आहे तेवढं पुरतं. मूळ पाकीट फेकू नये, ते बहुतेक डब्यांपेक्षा चांगलं असतं. आतली हवा दाबून काढायची, तोंडाला दोन-तीन घट्ट घड्या घालायच्या, कपड्यांचा चिमटा लावायचा आणि ते पाकीट स्टीलच्या डब्यात ठेवायचं. नुसता स्टीलचा डबा हवाबंद नसतो आणि कॉफी कमी होत जाते तशी त्यातली हवा वाढत जाते. पाकीट मात्र कॉफीबरोबर आकसतं. काचेची बरणी दिसायला छान, पण ती खिडकीत नको, कारण उजेडही कॉफीला सोसत नाही. गॅसवरची मांडणी आणि मायक्रोवेव्हचा माथा या सोयीच्या जागा, पण तिथली ऊब महाग पडते. चमचा कोरडा हवा, हे वेगळं सांगायची गरज इन्स्टंटच्या बरणीत झालेला दगड ज्यांनी सुरीने फोडला आहे त्यांना नाही.

चिकोरी मिसळलेल्या पुडीला जरा जास्त जपावं लागतं, कारण चिकोरी हवेतला ओलावा झटकन धरते आणि गुठळ्या होतात. आपल्याकडच्या नियमानुसार अशा मिश्रणात किमान 51 टक्के कॉफी असावी लागते आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. खरेदी करताना ते वाचावं. त्याच्याच आसपास भाजल्याची तारीख आहे का तेही पाहावं. 'बेस्ट बिफोर'ला फार महत्त्व देऊ नये. तारीख उलटलेल्या कोरड्या कॉफीने कुणी आजारी पडत नाही, पण तारखेच्या आतली कॉफीही केव्हाच शिळी झालेली असू शकते.

मापाच्या बाबतीत माटुंग्याकडे पाहावं. किंग्ज सर्कलच्या आसपासच्या जुन्या कॉफी दुकानांत गिऱ्हाईक उभं असतानाच बिया दळल्या जातात. काउंटरवरचा माणूस बियांचा प्रकार पीबेरी की प्लँटेशन, चिकोरी किती, फिल्टरसाठी की कशासाठी, एवढं विचारतो आणि गरम पुडी हातात ठेवतो. पिढ्यान्‌पिढ्या फिल्टर कॉफी पिणारी दाक्षिणात्य घरं तिथून महिन्याचा साठा एकदम उचलत नाहीत. हिशेब सोपा आहे. कपाला साधारण 10 ग्रॅम पूड धरली, तर दोघांच्या रोजच्या एकेका कपाला 100 ग्रॅम पाच दिवस पुरतात आणि पाव किलो बारा दिवस. अर्धा किलोवर सूट मिळते म्हणून ती आणली, तर शेवटचे दहा दिवस त्या सुटीची किंमत मोजण्यात जातात. एकट्याने, आठवड्यातून दोनदा पिणाऱ्याने तर 100 ग्रॅमच्या वर जाऊच नये.

आणि फिल्टरमध्ये उरलेलं डिकॉक्शन? ते झाकण लावून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं, पण गॅसवर पुन्हा उकळू नये. गरम ठेवलेल्या कॉफीत आम्लं वाढत जातात आणि ती कडवट-आंबट होते. थंड डिकॉक्शनमध्ये उकळतं दूध ओतलं की काम भागतं. दुसऱ्या दिवशीही उरलं, तर बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवावं. एप्रिल-मेमध्ये थंड दुधात असे चार खडे टाकले, की पोरं पुन्हा मागतात.