अंगकोरचा बाजार पुन्हा भरतो

कंबोडियातलं अंगकोर वाट म्हटलं की पाच शिखरं आणि भोवतीचा रुंद खंदक डोळ्यांसमोर येतो. दुसऱ्या सूर्यवर्म्याने बाराव्या शतकात बांधलेलं हे विष्णुमंदिर. तेराव्या शतकात आसपासच्या नगरात ७ ते ९ लाख माणसं राहत होती, असा संशोधकांचा अंदाज आहे. मग त्यांची घरं कुठे गेली? दगड देवांच्या वाट्याचा होता; राजाचा महालसुद्धा लाकडी. त्या दमट हवेत लाकूड कुजलं आणि लाखोंचं शहर नाहीसं झालं.

ते शहर आज वर्गातल्या पडद्यावर उभं राहतं! ऑस्ट्रेलियाच्या मोनाश विद्यापीठातले टॉम चँडलर आणि त्यांचे सहकारी यांनी १३०० च्या सुमाराचं अंगकोर संगणकात वसवलं. 'व्हर्च्युअल अंगकोर' हे त्याचं नाव. अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनने २०१८ साली त्याला पुरस्कार दिला.

मला त्यातला बाजार विलक्षण वाटतो. झोउ दाग्वान हा चिनी शिष्टमंडळातला माणूस १२९६ मध्ये अंगकोरला आला, जवळजवळ वर्षभर राहिला आणि पाहिलेलं लिहून गेला. व्यापार बायकांच्या हातात, बाजार सकाळी भरून दुपारी उठणारा, दुकानं नाहीत, जमिनीवर अंथरलेल्या चटया आणि त्यावर माल. सातशे वर्षांपूर्वीच्या या मोजक्या ओळींतून संगणकावर माणसांची वर्दळ उभी राहते.

दुसरा धागा आकाशातून आला. २०१२ मध्ये हेलिकॉप्टरमधून सोडलेले लेझरचे किरण झाडीच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचले आणि मंदिराच्या आवारातच रस्त्यांची आखीव चौकट आणि तळी दिसली. म्हणजे तिथे वस्ती होती! मग चँडलर यांच्या गटाने हजारो आभासी माणसं मंदिराच्या दारांतून दिवसभर ये-जा करताना दाखवली. रोज बाहेरून किती येत असतील, आत किती राहत असतील, हे आकडे बदलून पडताळता येतं. इतिहासात प्रयोग करता येत नाही असं आपण मानतो. इथे निदान अंदाजाची परीक्षा घेता येते.

पडद्यावरचं चित्र मात्र सगळंच खरं वाटायला लावतं. म्हणून शिक्षकांना विनंती: हे चित्रण इंटरनेटवर मोफत आहे, वर्गात जरूर दाखवा. मध्येच थांबवा आणि मुलांना विचारा, यातलं झोउने पाहिलेलं कोणतं, लेझरने सापडलेलं कोणतं आणि चित्रकाराने भरलेलं कोणतं?