अन्नाची ॲलर्जी आणि बालशिक्षण : बाहुलीनाट्य व खेळांचे उपयोजन

प्रस्तावना :
‘वाटून खावे’ हा मराठी घरांत व शाळांत बालवयातच रुजविला जाणारा संस्कार होय. मधल्या सुट्टीत परस्परांच्या डब्यातील घास खाणे हे मैत्रीचे लक्षण मानले जाते. मात्र ज्या बालकाला एखाद्या अन्नपदार्थाची ॲलर्जी (अधिहर्षता) आहे, त्याच्यासाठी हाच घास घातक ठरू शकतो. सुरक्षितता आणि मैत्री यांपैकी एकाचीच निवड करण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये, यासाठी बाहुलीनाट्य व खेळ कसे उपयुक्त ठरतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ॲलर्जीचे स्वरूप :
शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा अन्नातील निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजते, तेव्हा ॲलर्जी उद्भवते. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलट्या होणे ही तिची लक्षणे होत. तीव्र प्रसंगी श्वास कोंडतो व रक्तदाब घसरतो. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हा पहिला उपचार असतो. दूध, अंडी, गहू, सोयाबीन, भुईमूग, काजू, तीळ, मासे व कोळंबी हे ॲलर्जीस कारणीभूत ठरणारे प्रमुख पदार्थ आहेत. महाराष्ट्रात शेंगदाण्याचे कूट खिचडीत, कोशिंबिरीत व भाजीत मिसळलेले असते; ते सहज दिसत नाही. २०२० च्या अन्नसुरक्षा लेबल विनियमांनुसार वेष्टनबंद पदार्थांवर प्रमुख ॲलर्जीकारक घटकांचा उल्लेख अनिवार्य आहे. परंतु घरच्या डब्यावर लेबल नसते. म्हणूनच बालकाने स्वतः विचारणे व नकार देणे शिकणे आवश्यक ठरते.

बाहुलीचे माध्यम :
जाँ पियाजे यांच्या मते २ ते ७ वर्षे वयोगटातील बालके निर्जीव वस्तूंनाही सजीव मानतात. आजार म्हणजे आपल्या चुकीची शिक्षा, अशीही त्यांची समजूत असू शकते. बाहुलीला ॲलर्जी आहे असे दाखविल्यास बालक स्वतःकडे दोष न घेता त्या स्थितीकडे पाहू शकते. अमेरिकेत १९७७ मध्ये सुरू झालेल्या ‘किड्स ऑन द ब्लॉक’ या उपक्रमाने अपंगत्वाविषयी मुलांशी संवाद साधण्यासाठी बाहुल्यांचाच आधार घेतला. महाराष्ट्रालाही हे माध्यम परके नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली आहे.

प्रत्यक्ष उपयोजन :
जुन्या मोज्यांपासून दोन हातबाहुल्या तयार कराव्यात. एक बाहुली दुसरीला लाडू देऊ करते. दुसरी म्हणते, “मला शेंगदाणे चालत नाहीत. पण आपण शेजारी बसून जेवू या.” यानंतर बाहुली मुलांच्या हाती द्यावी व संवाद त्यांनाच रचू द्यावा. नकार देऊनही मैत्री टिकते, हे येथे अनुभवातून कळते. पुढच्या प्रवेशात बाहुली “जिभेला मुंग्या येताहेत, घशात काहीतरी अडकलंय” असे बाईंना सांगते. त्यातून लक्षणे शब्दांत मांडण्याचा सराव होतो. चित्रांच्या पत्त्यांवरून ‘कशात काय दडलंय?’ हा खेळ घेता येतो. केवळ पाण्याने हातावरील अंश जात नाही, म्हणून साबणाने हात धुण्याची कृतीही नाट्यात गुंफावी.

मर्यादा :
नाट्यात खरे पदार्थ वापरू नयेत. बाहुलीचा मृत्यू दाखवू नये. भीतीने मूल लक्षणे लपविण्याची शक्यता असते. वर्गातील ॲलर्जी असलेल्या बालकाकडे निर्देश करू नये. मुख्य म्हणजे, संरक्षणाची जबाबदारी प्रौढांचीच राहते. पालकांकडून लेखी माहिती घेणे आणि तातडीच्या उपचारांची व्यवस्था करणे यांना बाहुली पर्याय ठरत नाही.

समारोप :
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षांच्या पायाभूत स्तरावर खेळाधारित अध्ययनाचा पुरस्कार केला आहे. शिक्षणशास्त्र महाविद्यालयांनी सराव पाठांमध्ये अशा नाट्याचा समावेश केल्यास भावी शिक्षक या प्रश्नासाठी सज्ज होतील. ‘वाटून खावे’ या संस्काराला ‘विचारून वाटावे’ ही जोड मिळाली, तर तो अधिक अर्थपूर्ण होईल.